विक्षिप्त बोल्ट

मराठी माणसाच्या आयुष्यात घसरण्याला तोटा नाही. पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरतो, सभेत जीभ घसरते, आडत बाजारात कांदा घसरतो, सहामाहीत चिरंजीवांचं गणित घसरतं आणि सेवानिवृत्तीनंतर पँट घसरते. या सगळ्या घसरणींचा एक मोठा गुण म्हणजे त्या लपून राहत नाहीत. पाय घसरला की आपण जमिनीला टेकायच्या आत शेजारी हसतात. जीभ घसरली तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'विपर्यास झाला' असा खुलासा तरी करता येतो. पण घसरलो आणि घसरल्याचं कळलंच नाही, उलट आपण अगदी नाकासमोर चाललो आहोत असंच वाटत राहिलं, अशीही एक घसरण असते आणि तिचा मुक्काम मोटारीच्या मागच्या चाकात असतो, हे ज्ञान मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, २०२३ साली झालं. लोकांना ज्ञान आळंदीला होतं. मला ते कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्ट गावी, गाडीखाली उताण्या पडलेल्या भाच्याच्या तोंडून झालं.

हा भाचा सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरसमोर बसतो. शनिवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सतरंज्या उचलतो. आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी हेल्मेट घालून, भरपूर पैसे भरून, एका ट्रॅकवर गोल गोल गाडी हाकतो. ही शर्यत नसते. तिथे कोणी पहिला येत नाही, कप मिळत नाही, फोटो छापून येत नाही. वीस-वीस मिनिटं फिरायचं, खाली उतरायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा फिरायचं.

"म्हणजे पैसे देऊन घाण्याला जुंपून घ्यायचं," आमची ही म्हणाली. "आणि तेलही नाही निघत."

गाडी एका जर्मन कंपनीची, दोन माणसांची, भाच्याने जुनी म्हणून स्वस्तात घेतलेली. तिचं पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिन नाही. मागचं उघडलं तर तिथेही नाही. इंजिन सीटच्या पाठीमागे, मधल्या घरात. हौसेपायी भाच्याने त्या गाडीतले गालिचे काढलेले, रेडिओ काढलेला, थंड हवेचं यंत्र काढलेलं. लग्नाघरातला मांडव उतरवल्यावर दिसावी तशी ती गाडी दिसत होती. म्हटलं, एवढं काढून टाकल्यावर आता बिघडायला शिल्लक काय राहिलं? तेव्हा त्याने गाडीखालून उत्तर दिलं, "टो, मामा. मागचा टो सरकतो."

टो म्हणजे पायाची बोटं. उभं राहून आपल्याच पावलांकडे वरून पाहा. बोटं एकमेकांकडे वळलेली असली तर तो टो-इन. बाहेर वळलेली असली तर टो-आउट, म्हणजे आपण ज्याला फेंगडं म्हणतो ते. चाकांचंही असंच. वरून पाहिलं तर मागची दोन चाकं किंचित, अगदी किंचित, आत वळलेली असावी लागतात, पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीसारखी. कारण असं, की गाडी डावीकडे वळते तेव्हा सगळा भार उजव्या बाजूच्या चाकांवर येतो. मागचं उजवं चाक आत वळलेलं असलं तर ते गाडीची शेपटी वळणाच्या आत धरून ठेवतं. फेंगडं झालेलं असलं तर शेपटीला बाहेरची वाट दाखवतं. आणि शेपटी एकदा बाहेर निघाली की ती डोक्याला विचारत नाही. मागचं पुढे येतं, पुढचं मागे जातं, आणि आपण जिथून आलो ती दिशा आपल्याला काचेतून समोर दिसू लागते.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. मागचं एक चाक असं सरकलं, की त्याची तक्रार मागे उमटत नाही. गाडी खेकड्यासारखी जराशी तिरकी चालू लागते आणि ती सरळ ठेवण्यासाठी हात आपोआप स्टिअरिंग थोडं वाकडं धरतात. दोन दिवस ते वाकडं जाणवतं. तिसऱ्या दिवसापासून तेच सरळ वाटू लागतं. ज्याला जाणवतं तो गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, "पुढची चाकं बघा हो, स्टिअरिंग सरळ बसत नाही." मग मेकॅनिक पुढची चाकं बघतो, स्टिअरिंग मधोमध आणून देतो, बिल घेतो. मागचं वाकडं तसंच राहतं, फक्त आता ते कुणाला दिसत नाही. कितीतरी घरांमध्ये मी हा प्रकार पाहिला आहे. खोड आजोबांची आणि शिस्त लावतात नातवाला.

हे चाक सरळ ठेवतं कोण? एक बोल्ट. याला एक्सेंट्रिक बोल्ट म्हणतात. एक्सेंट्रिकला शास्त्रीय मराठीत 'उत्केंद्री' असा एक शब्द आहे, पण आमच्या हिने साध्या मराठीत त्याचं 'विक्षिप्त' असं करून टाकलं आणि मला तेच योग्य वाटतं. या बोल्टावर जो गोल वॉशर असतो त्याचं भोक मध्यावर नसतं, एका बाजूला असतं. त्यामुळे बोल्ट फिरवला की चाकाला धरणारा दांडा एक-दोन मिलिमीटर आत नाहीतर बाहेर जातो. हवं तिथे चाक आणायचं आणि नट आवळून टाकायचा. झालं. मग त्या बोल्टाला तिथे कोण धरून ठेवतं? भाचा म्हणाला, "घर्षण."

"फक्त घर्षण?"

"फक्त घर्षण."

मला हे फार अद्भुत वाटलं. मधे खीळ नाही, दाता नाही, कडी नाही. नट आवळला की बोल्ट केसाएवढा ताणला जातो. पोलादालाही ताण नकोच असतो, ते मूळ लांबीवर यायला धडपडतं, आणि त्या धडपडीत दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतं. त्या दाबाने जी पकड येते, तिच्यावर गाडी, चालक आणि त्याची आयुर्विमा पॉलिसी चाललेली असते. म्हणजे बोल्ट धरतो तो कडक असतो म्हणून नव्हे, तर ताणलेला असतो म्हणून. कमी आवळला तर पकड येत नाही. जास्त आवळला तर तो कायमचा लांबतो, आणि मग त्याच्यात मागे यायची धडपडच राहत नाही. म्हणून किती आवळायचा याचा कारखान्याने आकडा दिलेला असतो आणि तो मोजायला वेगळा पाना असतो. माणसांच्या बाबतीत असा आकडा कुठे छापलेला माझ्या पाहण्यात नाही. शाळांमधून, संघटनांमधून आणि काही सासरघरांतून अंदाजानेच आवळतात.

रस्त्यावरच्या गाडीत ही पकड वर्षानुवर्षं टिकते. बाजारात जा, शाळेत मुलं सोडा, लग्नाला जा, बोल्ट जागचा हलत नाही. त्याच्या सचोटीबद्दल गावात शंका नसते. ट्रॅकवर मात्र टायर चिकट असतात, वळणं जोरात घेतात, आणि वळणाच्या कडेला रंगवलेला उंचवटा असतो त्यावरून चाक मुद्दाम नेतात. तो धक्का दांड्यातून सरळ बोल्टापर्यंत जातो. बोल्ट तुटत नाही, नट सैल होत नाही. फक्त वॉशर किंचित फिरतो आणि नव्या जागी पुन्हा घट्ट बसतो. वरून पाना लावून पाहिलं तर नट आवळलेलाच. मोठा बिलंदर प्रकार आहे.

आणि यात भर घालणारी गोष्ट म्हणजे तेल. गंजू नये म्हणून कोणी भला मेकॅनिक वॉशरखाली ग्रीस चोपडतो. हेतू शुद्ध असतो. पण ज्या दोन पत्र्यांनी एकमेकांना खरखरीतपणे धरायचं, त्यांच्यामध्ये वंगण गेलं की पकड गेली. भाचा तिथले पत्रे घासूनपुसून कोरडे ठणठणीत करत होता. एरवी जगात लोणी लावल्याशिवाय काही हलत नाही. इथे हलू नये म्हणून लोणी काढावं लागत होतं.

चाकं मोजायची पद्धत तर आपल्या गवंड्यांनाही पटेल अशी. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोन दोऱ्या ताणून बांधायच्या, एकमेकींना आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर. मग लोखंडी पट्टीने दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचं अंतर घ्यायचं, मागच्या कडेचं घ्यायचं. फरक म्हणजे टो. कॉम्प्युटरच्या राजधानीत दोरीचं टोक धरून उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं. रिमचा व्यास साधारण साडेचारशे मिलिमीटर. त्यात एक मिलिमीटरचा फरक पडला तर तो किती? मी सवयीने हिशोब केला: एवढ्या फरकाने चाकाचं तोंड जिकडे होतं तिकडेच ते गेलं असतं, तर दर किलोमीटरला दोन मीटरहून अधिक बाजूला गेलं असतं. जात नाही, कारण दुसरं चाक त्याला ओढून धरतं. मग दोघंही रस्त्यावर घासत चालतात आणि टायर झिजतो. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीपेक्षा फार जास्त नाही. बहुतेक संसार या मापात बसतात.

सगळं जमल्यावर भाच्याने पिवळ्या रंगाचा एक पेन काढला आणि बोल्टाच्या डोक्यावरून वॉशरवर, वॉशरवरून पत्र्यावर, अशी एक सरळ रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटेल आणि आपल्याला कळेल.

"रेघ मारल्याने थांबतो का तो?" हिने विचारलं.

"नाही मामी. रेघ फक्त सांगते."

"लक्ष्मणाने मारली होती तीसुद्धा असलीच," ही म्हणाली आणि पोळ्या करायला आत गेली.

पुढच्या रविवारी आम्ही लगूना सेकाला गेलो. मॉन्टेरेच्या जवळच्या टेकड्यांमध्ये हा ट्रॅक १९५७ पासून आहे. स्पॅनिशमध्ये नावाचा अर्थ कोरडं तळं. तिथे कॉर्कस्क्रू नावाचं एक वळण आहे. टेकडीच्या माथ्यावर गाडी येते, पुढे रस्ता दिसतच नाही, आणि मग डावीकडे-उजवीकडे असा मळसूत्रासारखा पिळा घेत ती सुमारे अठरा मीटर खाली उतरते. म्हणजे पाच-सहा मजले. वाड्याच्या जिन्यावरून अंधारात उतरल्याचा अनुभव असलेल्यांना याची थोडीफार कल्पना येईल. आम्ही वरच्या बाजूला गवतावर सतरंजी टाकून बसलो होतो. दोन फेऱ्यांच्या पाळ्या नीट झाल्या. प्रत्येक पाळीनंतर भाचा विजेरी घेऊन गाडीखाली जायचा आणि रेघ पाहून अंगठा वर करायचा. तिसऱ्या पाळीत, त्या पिळ्यातून उतरून पुढच्या डाव्या वळणाला लागताना, त्याच्या गाडीची शेपटी बाहेर निघाली. आवाज काहीच नाही, नुसती धूळ. गाडी एक पूर्ण गिरकी घेऊन मातीत उलट्या तोंडाने उभी राहिली. मागून येणारी गाडी लांब होती म्हणून मी हे गमतीच्या सुरात लिहू शकतो. आमची ही उभी राहिली होती. तिच्या हातातला डबा उघडाच होता आणि पुढची पाच मिनिटं तिला तो मिटवायचं सुचलं नाही.

रेघ तुटली होती. वॉशरवरचा पिवळा तुकडा पत्र्यावरच्या तुकड्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा दूर गेला होता. नट अर्थात घट्ट.

याच्यावर उपाय आहे, आणि तिथूनच आमचा वाद सुरू झाला. त्या विक्षिप्त वॉशरच्या जागी खाचेत नेमकी बसणारी एक जाड पट्टी मिळते. ती बसवली की बोल्टाला फिरायला जागाच राहत नाही. घर्षणाची मर्जी संपली. मी म्हटलं, ज्याला हलताच येत नाही तो सरळ राहिला यात त्याचं कौतुक काय? ज्याच्या हातात चोरी करण्यासारखं काही नाही त्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही, बेकार म्हणतो. बोल्ट मोकळा असून जागेवर राहिला, तर त्याला शील म्हणावं. बोलताना मला माझंच वाक्य आवडलं होतं. पण त्याच वेळी मला वडिलांच्या वेळची एक गोष्ट आठवली आणि वाक्याची चव गेली.

वडील ज्या संस्थेचे सभासद होते तिथे एक खजिनदार होते. पंचवीस वर्षं एकटेच हिशोब सांभाळत. इतके सचोटीचे, की त्यांच्याकडे हिशोब मागणं हा त्यांचा अपमान समजत. "त्यांना काय विचारायचं!" हे वाक्य दर वार्षिक सभेत टाळ्या घेत असे. मग त्यांच्या पत्नीचं आजारपण आलं. पहिल्यांदा त्यांनी आठ दिवसांसाठी पैसे घेतले आणि आठव्या दिवशी परत ठेवले. दुसऱ्यांदा महिना लागला. तिसऱ्यांदा किती लागला ते कळायच्या आधीच ते वारले आणि कपाट उघडलं गेलं. तो माणूस चोर नव्हता, यावर वडील शेवटपर्यंत ठाम होते. नट तसाच घट्ट होता हो. धक्का बसला आणि वॉशर दाण्याएवढा फिरला, पुन्हा धक्का बसला, पुन्हा फिरला. कोणी रेघ मारली नव्हती. आणि त्या टाळ्या? त्याला मी आता ग्रीस म्हणतो. पंचवीस वर्षं आदराने चोपडलेलं. आजारपणात त्यांना मागता आले असते ते पैसे संस्थेने आनंदाने उसने दिले असते, पण इतक्या आदरणीय माणसाला मागायची सोय आपण ठेवत नाही.

त्यानंतर खजिनदारपद वडिलांकडे आलं. त्यांनी पहिल्याच सभेत दोन अटी घातल्या. प्रत्येक चेकवर दुसरी सही आणि दर महिन्याला हिशोबाचं जाहीर वाचन. सभासद दुखावले. "आमचा तुमच्यावर विश्वास आहे," असं चार जणांनी उभं राहून सांगितलं. वडील म्हणाले, "माझाही आहे. आजपुरता. वर्षभराचा मी लिहून देत नाही."

परतीच्या वाटेवर हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण मामा, म्हणून सगळंच डकवून टाकायचं नसतं." त्याच्या ओळखीच्या एकाने वैतागून तो वॉशर पत्र्याला वेल्डच करून टाकला होता. टो सरकायचा बंद झाला. पुढे एकदा कडेच्या उंचवट्यावर आपटून दांडाच वाकला, आणि आता चाक सरळ करायचं तर करायला जागा नाही. गाडी कायमची तिरकी, अढळ तिरकी. असे अढळ लोकही मी पाहिले आहेत. त्यांचे पुतळे असतात.

पट्टीचं तसं नाही. पट्टी बसवली की फिरवायची सोय बोल्टाकडून काढून घेतात आणि दांड्याकडे देतात. दांडा दोन बाजूंनी आट्यांचा असतो, तो पिळून लांब-आखूड करता येतो, आणि दोन्हीकडून नट आवळून तो बंद करतात. म्हणजे चाक बदलता येतंच. पण त्यासाठी गाडी घोड्यांवर उभी करावी लागते, दोन पाने लागतात, दोरी बांधावी लागते, उजेड लागतो आणि दोरीचं टोक धरायला एक मामा लागतो. भर वळणात, ब्रेकवर पाय असताना, कोणाच्या धक्क्याने ते बदलत नाही एवढंच. मला वाटतं वडिलांचा आग्रहही एवढाच होता. विचार बदलावा, नियमसुद्धा बदलावा, पण सभेत बसून, दिव्याखाली. रात्री अकरा वाजता औषधाची चिठ्ठी हातात घेऊन कपाटासमोर उभं असताना नव्हे.

तरी धर्मराजाचं काय, हा प्रश्न मला छळतोच. त्याचा रथ म्हणे जमिनीच्या चार बोटं वर चालायचा. म्हणजे चाकं घासण्याचा, टायर झिजण्याचा प्रश्नच नाही. आयुष्यभराची अशी अलाइनमेंट! आणि द्रोणाचार्यांसमोर 'नरो वा कुंजरो वा' झालं आणि रथ खाली टेकला. त्या क्षणी त्याच्यावर दडपण कोणाचं होतं? साक्षात श्रीकृष्णाचं. तिथे कोणती पट्टी पुरली असती? आणि पुरली असती, तर युद्ध कोणी जिंकलं असतं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि हे नुसतं कोडं नाही. त्या खजिनदारांनी पत्नीला औषध द्यायला नको होतं असं मला कोणाच्याही तोंडावर म्हणता येणार नाही. एवढं मात्र दिसतं, की रथ टेकला तेव्हा धर्मराजाला ते कळलं. सगळ्यांनाच कळलं. चार बोटांचं अंतर ही त्याची पिवळी रेघ होती. खजिनदारांना ती नव्हती, आणि वाकडं धरलेलं स्टिअरिंग त्यांना तिसऱ्या दिवसापासून सरळ वाटत गेलं असणार.

दुसरीकडे कैकेयी. दशरथाच्या रथाचा आस मोडला तेव्हा तिने चाकात स्वतःचा हात घातला म्हणून आपल्याकडे सांगतात. चाक टिकलं, लढाई जिंकली. पण माणसाची पट्टी केली की तिची किंमत पुढे दोन वरांत द्यावी लागते. भाच्याने मागवलेल्या पट्ट्यांची जोडी त्या मानाने फारच स्वस्तात पडली. कंपनीने पुढे काही मागितलेलं नाही.

त्याने त्या बसवल्या आहेत. तरीही प्रत्येक पाळीनंतर तो गाडीखाली जातोच, आणि दांड्याच्या नटांवर आता नव्या रेघा आहेत, दोन्ही बाजूंना दोन-दोन. निघताना हिने त्याच्याकडून तो पिवळा पेन मागून घेतला. मला वाटलं, आठवण म्हणून घेतला असेल. पुण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी गुळाच्या काचेच्या बरणीवर, आतल्या गुळाच्या पातळीला, एक आडवी पिवळी रेघ दिसली. डॉक्टरांनी मला गोड वर्ज्य केलं आहे, हे इथे सांगायला हवं. आठवडाभर ही रोज सकाळी चष्मा लावून रेघ बघत होती आणि काही बोलत नव्हती. आठव्या दिवशी बरणी फडताळात गेली. फडताळाला कुलूप आहे, आणि किल्ली कुठे आहे ते मी विचारलेलं नाही.